कन्नौज : राजांची राजधानी, राबणाऱ्यांचं गाव

कन्नौज हे नाव आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकात एकदाच भेटते. सम्राट हर्षवर्धनाची राजधानी, एवढे एक वाक्य पाठ करायचे आणि दोन मार्क मिळवायचे. पुढे त्या गावाचे काय झाले, तिथली माणसं कशावर जगतात, हे कोणी सांगत नाही. मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. गिरणीतली पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं आणि जाणत्यांना विचारून जे पक्कं झालं, तेवढंच या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

कन्नौज उत्तर प्रदेशात, कानपूर-फर्रुखाबाद रेल्वेमार्गावर आहे. पूर्वी ते फर्रुखाबाद जिल्ह्यात होतं, १९९७ साली त्याचा वेगळा जिल्हा झाला. जुने नाव कान्यकुब्ज. एके काळी गंगा शहराला लागून वाहत होती. पुढे नदीने पात्र बदलले आणि ती काही किलोमीटर लांब गेली. जुन्या शहराच्या ढिगाऱ्यांची टेकाडं मागे राहिली आणि त्यांच्यावर व आजूबाजूला लोक पुन्हा घरं बांधून राहिले. तिथे सापडलेल्या मूर्ती आणि खापरं गावातल्या सरकारी संग्रहालयात ठेवली आहेत.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान इथे आला, तेव्हा त्याला दोन विहार दिसले. पुढे सव्वादोनशे वर्षांनी ह्युएनत्संग आला. त्याने शंभर संघाराम आणि दहा हजार भिक्खू असल्याचे लिहून ठेवले आहे. देवळेही दोनशेच्या घरात होती, हेही तोच सांगतो. मधल्या काळात हर्षाचे राज्य (इ.स. ६०६ ते ६४७) आले होते. ६४३ साली हर्षाने कन्नौजला मोठी धर्मपरिषद भरवली आणि ह्युएनत्संगाला तिथे मानाचे स्थान दिले. त्याच परिषदेत आग लागली आणि राजावर हल्ल्याचा प्रयत्न झाला, असे ह्युएनत्संगाचे लिखाण सांगते. म्हणजे तेव्हाही सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असं समजू नये.

त्या शंभर विहारांपैकी आज एकही उभा नाही. याला कारणं अनेक आहेत. पण एक गोष्ट मला फार जाणवते. राजाच्या दानावर उभं राहिलेलं काम राजा गेला की लंगडं पडतं. हर्षाच्या मागे त्याच्या गादीला समर्थ वारस राहिला नाही आणि राज्य मोडलं. ज्यांनी आठ-आठ आणे वर्गणी गोळा करून विहाराची एकेक वीट चढवली, त्या आपल्या लोकांनी या गोष्टीचा विचार करावा.

हर्षाला दक्षिणेत उतरू दिलं नाही ते चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने. ६३४ सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. पुढे कन्नौजच्या गादीसाठी पाल, प्रतिहार आणि राष्ट्रकूट अशी तीन घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडली. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांचं, त्यांच्याच तिसऱ्या इंद्राने ९१६ च्या सुमारास कन्नौज जिंकलं. म्हणजे दख्खनची फौजसुद्धा हे गाव तुडवून आली आहे. १०१८ साली गझनीचा महमूद आला. १५४० साली शेरशहाने हुमायूनचा पराभव केला तोही याच परिसरात. शाहीर कोणत्याही बाजूचा असो, पोवाडा जिंकणाऱ्याचाच होतो. शेत कुणाचं तुडवलं गेलं याची बखर नाही.

राजधानी गेली, पण गाव मेलं नाही. ते जगलं हातातल्या कसबावर. आज कन्नौज म्हटलं की अत्तर. ही अत्तराची भट्टी कशी चालते ते गिरणीत घाम गाळलेल्या माणसाने जरूर समजून घ्यावं.

गुलाबाची फुलं भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत तोडावी लागतात, नाहीतर वास उडतो. तोडणाऱ्यांत बायका-पोरंही असतात. फुलं तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे डेगमध्ये, पाण्यासह घालतात. झाकण बसवून फटी मातीने लिंपतात, म्हणजे वाफ सुटत नाही. डेगमधून बांबूची नळी निघते. तिला चोंगा म्हणतात. ती दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात, भपक्यात, जाते. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. खाली लाकडं किंवा गोवऱ्या जळतात. वाफ थंड होते, फुलाचा वास चंदनतेल धरून ठेवते. पाणी निथळून काढतात, ताजी फुलं घालतात, की पुन्हा तेच. असं कित्येक दिवस चालतं.

जुन्या पद्धतीच्या या भट्टीवर ना मीटर, ना घड्याळ. जाळ किती ठेवायचा, भपका कधी बदलायचा, हे कारागीर हात लावून, कान देऊन ओळखतो. साच्याचा आवाज बदलला की धागा कुठे अडकला ते आमच्या जुन्या कामगारांना कळायचं, तसंच हे. कन्नौजचा कारागीर मातीचंही अत्तर काढतो. भाजलेल्या मातीचे तुकडे डेगमध्ये घालून पहिल्या पावसाचा वास तो बाटलीत भरतो.

पण या कामावर संकट आलं आहे. चंदनतेल इतकं महाग झालं की बरेच कारखाने त्याऐवजी स्वस्त खनिज तेल वापरू लागले. अत्तराचं मोठं गिऱ्हाईक पानमसाला, जर्दा, गुटखावाले. महाराष्ट्राने २०१२ साली आणि उत्तर प्रदेशाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. आरोग्यासाठी ते योग्यच. पण एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या धंद्यात फटका आधी कुणाला बसतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सरकारने १९९१ साली तिथे सुगंधी तेलांचं विकास केंद्र काढलं. २०१४ साली कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे दुसऱ्या कुणी ते नाव लावून माल विकू नये. चांगलं झालं. मात्र नाव राखलं गेलं म्हणजे भट्टीवरच्या माणसाची मजुरी राखली गेली, असं होत नाही. त्यासाठी वेगळी लढाई लागते.

आपले अनेक उपासक-उपासिका धम्मयात्रेत संकिस्याला जातात. ते शेजारच्याच फर्रुखाबाद जिल्ह्यात आहे. जाता-येता कन्नौजला अर्धा दिवस जरूर उतरावं. संग्रहालय बघावं. मग एखाद्या भट्टीवर जाऊन डेगजवळ बसलेल्या माणसाशी चार शब्द बोलावेत. अत्तर घ्यायचं असेल तर भाव विचाराच, पण त्याला रोज काय पडतो तेही विचारा. परत आल्यावर विहारात सगळ्यांना सांगा. कन्नौजचा पुढचा इतिहास असा आपणच लिहून ठेवला पाहिजे.