सातबाऱ्यावरचा 'वर्ग 2' कुठून आला?

सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे जमीन आपली आहे का? वस्तीत काम करताना आमच्यापुढे असे उतारे नेहमी येतात. नाव आजोबांचं, पण भोगवटा 'वर्ग 2'. हा शेरा कुठून आला, हे आपल्या तरुणांना माहीत हवं.

महार वतन ही मालकी नव्हतीच. गावाची सीमा राखायची, सांगावे न्यायचे, मेलेली गुरं ओढायची, अधिकाऱ्यांच्या दिमतीला हजर राहायचं. त्याबदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. वर सरकारला जुडी. 1874 च्या वतन कायद्याने ही बांधिलकी पक्की केली. जमिनीचा खंड राबणुकीत आणि अपमानात वसूल होत होता.

बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदे मंडळात दुरुस्ती विधेयक मांडलं. महारांना पूर्ण सारा भरून सेवेतून मुक्त होता यावं आणि जमीन इतर रयतेसारखी राखता यावी, ही त्यातली एक प्रमुख मागणी. हक्क मागताना त्यांनी साऱ्याची जबाबदारीही स्वीकारली. विरोध झाला आणि 1929 मध्ये विधेयक मागे घ्यावं लागलं.

पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतनं संपली. कब्जेहक्काची रक्कम भरून जमिनी परत मिळाल्या, पण नव्या अविभाज्य शर्तीवर: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही, वाटणी नाही. 1966 च्या महसूल संहितेत असे कब्जेदार 'वर्ग 2' झाले. सेवा गेली, शर्त राहिली.

काही जण म्हणतात, शर्त नसती तर जमिनी केव्हाच गेल्या असत्या. यात तथ्य आहे. पण शर्तीने लूट थांबली का? शहरालगत कुलमुखत्यारपत्रावर अंगठे घेतले गेले, बिनपरवाना गुंठे विकले गेले. शर्तभंग झाला की जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार वतनदाराच्या वारसावर आणि पै-पै जमवून तिथे घर बांधणाऱ्यावर. मधला दलाल मोकळा!

म्हणून आमचं म्हणणं दुहेरी आहे. सरकारने वारसांच्या राहत्या घरापुरता नजराणा माफ करावा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राबणुकीत तो भरून झाला आहे. आणि आपण वारसनोंदी वेळेवर कराव्यात, लेकींची नावं गाळू नयेत, न वाचता कशावरही सही करू नये.

आज घरी जा, सातबारा काढा, भोगवट्याचा रकाना वाचा.

जय भीम!