१७ सप्टेंबर : सुपंडीच्या ‘पै काकां’चा जन्म

‘अमर चित्रकथा’ ही चित्रकथामाला आणि ‘टिंकल’ हे मुलांचे नियतकालिक यांचे जनक अनंत पै यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजी कर्नाटकातील कार्कळ येथे झाला. देवादिकांची, राजेरजवाड्यांची चित्रे त्यांनी घरोघरी नेली, पण पोरांच्या जिभेवर रुळली ती दोन वेडगळ पात्रे. त्यांच्या जन्मकथा जरूर ठाऊक हव्यात.

१९८० मध्ये सुरू झालेल्या ‘टिंकल’कडे तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने सांगितल्या कामाचा भलताच अर्थ लावणाऱ्या भोळ्या नोकराच्या तमिळ लोककथा पाठवल्या. चित्रकार राम वाईरकरांनी त्या नोकराला चेहरा दिला आणि १९८३ मध्ये सुपंडी अवतरला. त्याच वर्षी आला शिकारी शंभू. हा शूर म्हणून गाजलेला, प्रत्यक्षात वाघ दिसताच पळ काढणारा! वसंत हळबे यांनी त्याची टोपी थेट डोळ्यांवर ओढली. डोळे न दाखवता भीती रेखाटणे ही मोठीच करामत. या दोन मराठी चित्रकारांचे नाव अजून पुरेसे घेतले जात नाही, याची खंत वाटते.

शाळांनी या दिवशी फळ्यावर सुपंडी जरूर काढावा. पै यांचे निधन २४ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबईत झाले.