शह, चेक आणि अडीच घरांचा घोडा

गुरुवर्यांच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानासाठी मी शब्दकोड्यासारखा किरकोळ भासणारा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु इतिहास केवळ ताम्रपटांत आणि दप्तरांतच असतो असे नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीतील काळ्यापांढऱ्या चौकोनांतही तो दडलेला असतो.

शब्दकोड्याचा जन्म अलीकडचा. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या पत्रात आर्थर विन यांनी ते प्रसिद्ध केले. बुद्धिबळाचा पट मात्र सुमारे चौदा शतकांचा. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चतुरंग सेनेवरून त्याला ‘चतुरंग’ हे नाव मिळाले. भारतातून तो इराणात गेला, अरबांनी तो उचलला आणि पुढे युरोपात नेला.

प्रवासात शब्दही सोबत गेले. राजाला सावध करण्यासाठी उच्चारला जाणारा फारसी ‘शाह’ मराठीत ‘शह’ झाला. तोच युरोपीय भाषांतून फिरत इंग्रजीत ‘चेक’ झाला. इंग्लंडच्या राजकोषात हिशेबाच्या मेजावर पटासारखे चौकटीचे कापड अंथरीत, म्हणून त्या खात्याला ‘एक्सचेकर’ म्हणू लागले. आपण बँकेत लिहितो तो चेकही याच कुळातला. एकच शब्द आपल्या दारी दोन वाटांनी आला, तो असा.

इंग्रजी गूढ कोड्यात ‘नाइट’ म्हटले की बहुधा ‘एन’ हे एकच अक्षर घ्यावयाचे असते. कारण डाव लिहिण्याच्या पद्धतीत ‘के’ राजाने आधीच अडविलेला आहे. मराठी कोड्याच्या घरात स्वरचिन्हासह, जोडाक्षरासह पूर्ण अक्षर बसते. तेथे असा संक्षेप सहसा चालत नाही, अख्खा शब्द ठाऊक असावा लागतो. ‘अडीच घरे चालणारा’ म्हणजे घोडा, ‘तिरका जाणारा’ म्हणजे उंट. हा उंटही उद्बोधक आहे. इंग्रज तेथे बिशप उभा करतात, तर स्पॅनिश भाषेत त्याच मोहऱ्याला ‘अल्फिल’ म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ हत्ती! आपला हत्ती मात्र कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

संकटावर ‘मात’ करणारा आणि राजकारणातील ‘शह-काटशह’ वाचणारा मराठी माणूस पटावरचीच भाषा बोलत असतो. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या ओठी आज ‘चेकमेट’ अधिक येतो. त्याचा मला राग नाही. तोही त्याच ‘शहमात’चा परदेशी भाऊ आहे. पण घरचा भाऊ अनोळखी झाला, तर ‘मात’ हा शब्द उरेल आणि त्यामागचा पट पुसला जाईल. भाषा पाठांतराने जितकी टिकते, त्याहून अधिक ती खेळण्याने टिकते.

म्हणून माझी एक छोटी विनंती आहे. शाळेच्या भित्तिपत्रकात दर आठवड्याला एक शब्दकोडे असावे, आणि ते शिक्षकांनी नव्हे, विद्यार्थ्यांनीच रचावे.