काच स्वस्त होत नाही

१९९५ साली कॅननने दोन टेली-झूम लेन्स बाजारात आणल्या. पहिली ७०-२०० एफ/२.८: पांढरी, जाडजूड, क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेबाहेर बसलेल्या प्रेस फोटोग्राफरांकडे दिसते तशी. दुसरी ७५-३०० एफ/४-५.६: काळी, हलकी, सहलीला निघालेल्या हौशी माणसासाठी. आता सांगा, हाताची थरथर सावरणारं इमेज स्टॅबिलायझेशन हे तेव्हाचं सगळ्यात नवं तंत्रज्ञान यांपैकी कुठल्या लेन्समध्ये होतं?

दुसऱ्या. एसएलआर कॅमेऱ्याला लावायच्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन जगात पहिल्यांदा आलं ते या हौशी लेन्समधून. ७०-२०० एफ/२.८ ला ते मिळायला २००१ साल उजाडलं.

मला हे कळलं ते लेन्स घ्यायची म्हणून वाचत सुटलो होतो तेव्हा. माझी मावसबहीण कबड्डी खेळते. सामने संध्याकाळी, एलईडीच्या चार खांबांच्या उजेडात. तिची चढाई म्हणजे तीन सेकंदांत मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचं म्हणणं साधं होतं, "दादा, एक तरी फोटो असा काढ की त्यात मी ओळखू येईन." पर्याय दोन दिसत होते. 'प्रोफेशनल' लेन्स नव्या स्कूटरहून महाग, 'बजेट' लेन्स बऱ्यापैकी फोनच्या किमतीची. आणि आम्ही घरचे मिळून तिच्या क्रीडा अकादमीच्या वसतिगृहाची फी भरतो. त्यामुळे दोन किमतींतला फरक म्हणजे तिची काही महिन्यांची फी, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नव्हता. इतके पैसे नेमके कशाचे, हे शोधताना मी लेन्सच्या इतिहासात शिरलो.

आधी थोडी भूमिती. एफ/२.८ मधला आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास. २०० मिलिमीटरला एफ/२.८ हवं असेल तर ही वाट ७१ मिलिमीटर रुंद लागते. एफ/५.६ ला ३६ पुरतात. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट, म्हणजे प्रकाशही चौपट. आता वजनं बघा. कॅननची ७०-२०० एफ/२.८ची २०१० मधली आवृत्ती १४९० ग्रॅम. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची ५५-२५० एफ/४-५.६ (२०१३) ३७५ ग्रॅम. चौपट प्रकाश, जवळजवळ चौपट वजन. सेन्सरच्या आकारामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण अंदाज यायला पुरेशी आहे.

टेली-झूम या जोडशब्दातल्या दोन्ही भागांचा इतिहास वेगवेगळा आहे. लांबचं जवळ आणणारी, तरीही लांबीला आटोपशीर अशी टेलिफोटो रचना १८९१ च्या सुमारास तिघांनी स्वतंत्रपणे शोधली: इंग्लंडमध्ये डालमेयर, जर्मनीत मीथे आणि स्टाइनहाइल. झूम यायला आणखी चाळीस वर्षं लागली. १९३२ मध्ये सिनेमाच्या कॅमेऱ्यांसाठी 'कुक व्हारो' ही ४०-१२० ची लेन्स आली. साध्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम १९५९ ची: फ्रँक बॅकने रचलेली 'फोइग्टलेंडर झूमार', ३६-८२ एफ/२.८. त्याच वर्षी निकॉननेही ८५-२५० ची टेली-झूम जाहीर केली.

एवढा उशीर का, या प्रश्नाचं उत्तर तीन अडचणींत आहे, आणि तिन्ही अडचणी त्या काळात महागच होत्या.

पहिली अडचण गणिताची. लेन्स रचायची म्हणजे प्रकाशाचा एकेक किरण प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावर किती वळतो ते मोजायचं. १८४० च्या सुमारास व्हिएन्नात जोझेफ पेट्झव्हालने पोर्ट्रेट लेन्स रचली, तेव्हा आकडेमोडीसाठी त्याला तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक दिले होते. हे सगळं एका फोकल लेंग्थसाठी. झूममध्ये तेच प्रत्येक स्थितीसाठी करावं लागतं. १९५३ मध्ये लाइका बनवणाऱ्या लाइट्स कंपनीने कोनराड त्सूझेकडून झेड-५ हा संगणक घेतला, तो याच आकडेमोडीसाठी. ज्या कामाला एके काळी सैनिकांची तुकडी लागायची ते आज माझा ऑफिसचा लॅपटॉप चहा येईपर्यंत उरकेल.

दुसरी अडचण परावर्तनाची. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. झूमला काचा जास्त लागतात. समजा हवेला लागून असलेले पृष्ठभाग २० आहेत, तर ०.९६ चा विसावा घात काढा. उत्तर येतं ०.४४. निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच गळाला, आणि त्यातला काही आतल्या आत फिरून चित्र पांढुरकं करणार. १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर परावर्तन कमी करणारा पातळ थर चढवायची पद्धत शोधली. आज हा थर स्वस्तातल्या लेन्सवरही असतो.

तिसरी अडचण यंत्राची. झूम फिरवलं की काचांचे गट सरकतात आणि फोकस हलतो. तो जागेवर ठेवायला गटांना वेगवेगळ्या वाटेने सरकवावं लागतं, आणि त्यासाठी नळीत अचूक कोरलेल्या वक्र खाचा हव्यात. बॅकने झूमारमध्ये हे टाळायला गट एकत्र जोडून सरकवायची युक्ती काढली होती. पुढे यंत्रं सुधारली आणि अचूक खाचा कोरणं रोजचं काम झालं.

या तिन्ही गोष्टी स्वस्त होत गेल्या तसतशी झूम सामान्य माणसापर्यंत आली. १९६३ ची निकॉनची ४३-८६ एफ/३.५ ही परवडणारी झूम खूप खपली. तिच्या कडांशी सरळ रेषा वाकायच्या म्हणून तिला नावंही खूप ठेवली गेली. १९८५ मध्ये मिनोल्टाने ऑटोफोकस कॅमेऱ्यासोबत ७०-२१० एफ/४ आणली. तिच्या आकारावरून लोक तिला 'बीअरकॅन' म्हणतात आणि अजूनही जुन्या बाजारात शोधत असतात.

ऑटोफोकसने आणखी एक रेघ ओढली, जी आजही दुकानात दिसते. बहुतेक बजेट झूम लांबच्या टोकाला एफ/५.६ वर का थांबतात? कारण एसएलआरमधला फोकसचा सेन्सर लेन्सच्या दोन बाजूंनी आलेले किरण ताडून बघतो. वाट फार अरुंद झाली तर ते किरण त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा एफ/५.६ होती, महागड्या काहींची एफ/८. म्हणजे ५.६ हा आकडा ठरवला तो कॅमेऱ्याच्या पोटातल्या एका सेन्सरने. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस थेट मुख्य सेन्सरवरूनच होऊ लागला आणि ही रेघ पुसली गेली. २०२० मध्ये कॅननने ६०० आणि ८०० मिमीच्या चक्क एफ/११ लेन्स आणल्या, ऑटोफोकससकट.

सेन्सरही बदलले. २००७ मध्ये निकॉनच्या डी३ ने आयएसओ ६४०० वर छापण्याजोगे फोटो दिले. फिल्मच्या जमान्यात कमी उजेडाला एकच मोठं उत्तर होतं, रुंद लेन्स. आता उत्तराचा काही भाग सेन्सर देतो, काही भाग सॉफ्टवेअर. कडांशी वाकलेल्या रेषा कॅमेरा स्वतःच सरळ करतो.

इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागलं. महागड्या लेन्समध्ये जे जे होतं त्यातलं गणित, थर, खाचा, फोकसची मोटर, स्टॅबिलायझेशन हे सगळं कालांतराने खाली उतरलं. स्टॅबिलायझेशन तर खालूनच वर गेलं. ७१ मिलिमीटरची वाट मात्र तशीच राहिली. चिपवरचे ट्रान्झिस्टर लहान करता येतात, लेन्सचा व्यास लहान केला तर प्रकाशच कमी येतो. मोठी काच बनवायची तर काच जास्त लागते, घासायला वेळ लागतो, आणि रुंद वाटेतून येणारे किरण एका बिंदूत आणणंही कठीण असतं. महाग लेन्समध्ये आपण मुख्यतः या रुंदीचे पैसे भरतो.

मग ही रुंदी कोणाला लागते? भिगवणला सकाळी फ्लेमिंगो बघायला जाणार असाल तर ऊन भरपूर आहे. एफ/५.६ पुरेल, स्टॅबिलायझेशन उपयोगी पडेल आणि होडीत किलोभर वजन कमी उचलावं लागेल. तिथे बजेट लेन्स घेण्यात काहीही कमीपणा नाही. कबड्डीचं तसं नाही. स्टॅबिलायझेशन माझा हात स्थिर करतं, बहिणीचा पाय नाही. तिला गोठवायला सेकंदाचा पाचशेवा भाग हवा. त्या वेगाला एफ/५.६ वर आयएसओ १२८०० लागत असेल तर एफ/२.८ वर ३२०० पुरतो. माझ्या जुन्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात पहिल्या आकड्यावर चेहऱ्याचा रवा होतो, दुसऱ्यावर चेहरा राहतो. फोनचा नाइट मोडही इथे कामाचा नाही, कारण तो एकामागून एक काढलेल्या फ्रेम जोडतो आणि चढाई करणारी त्यासाठी थांबत नाही.

याच इतिहासात तिसरा पर्याय सापडला. जी गोष्ट नव्या तंत्रज्ञानाने स्वस्त होत नाही, ती नव्या तंत्रज्ञानाने जुनीही होत नाही. १९९५ ची एफ/२.८ आजही एफ/२.८ च आहे. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही म्हणून जुन्या बाजारात तिला भाव कमी मिळतो, आणि कबड्डीला ते मला नकोच होतं. मी तीच घेतली, सेकंडहँड. नवीनच्या मानाने किंमत इतकी कमी पडली की फीच्या पैशांना हात लावावा लागला नाही.

तुम्हीही हा मार्ग घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते आणि ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तशी दिसली तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. दुसरं, तुमच्या कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालतो का ते लावून बघा. निकॉनच्या जुन्या ८०-२०० एफ/२.८ ला कॅमेऱ्यातली मोटर लागते आणि निकॉनच्या स्वस्त कॅमेऱ्यांत ती नसते.

आणि दुकानदार 'प्रोफेशनल घ्या, आयुष्यभर चालेल' म्हणाला तर त्याला एवढंच विचारा, की यातलं पाच वर्षांनी स्वस्तात काय मिळेल? जे मिळेल त्याचे पैसे आज भरायची घाई नको. जे मिळणार नाही ते तुम्हाला खरंच लागतं का, हे तुम्ही फोटो कुठे आणि कोणत्या उजेडात काढता त्यावर ठरेल.