बहिऱ्या मांजरीचे बाळंतपण आणि पिल्लांचे संगोपन

ऐकू न येणारी मांजर (भाटी) प्रसूती, स्तनपान आणि पिल्लांची स्वच्छता या बाबतींत इतर मांजरींइतकीच सक्षम असते. तिला केवळ पिल्लांचा आक्रोश ऐकू येत नाही. त्यामुळे पिल्ले तिच्यापासून वेगळी करण्याचे कारण नसते. मात्र पहिले काही आठवडे तिच्या कानांचे काम घरातील माणसाला करावे लागते.

बहिरेपणाची कारणे

मांजरांतील जन्मजात बहिरेपणा प्रामुख्याने पांढऱ्या रंगाशी निगडित आहे. पांढरा रंग देणाऱ्या प्रभावी जनुकामुळे अंतर्कर्णात रंगपेशी पोहोचत नाहीत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तेथील श्रवणपेशी नष्ट होतात. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांपैकी सुमारे ६५ ते ८५ टक्के बहिरी आढळतात. एकच डोळा निळा असल्यास हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात या संबंधाचा उल्लेख केला आहे. वार्धक्य व कानाचा जुना संसर्ग ही इतर कारणे होत.

आई आणि पिल्ले

नवजात पिल्लांचे डोळे व कान दोन्ही बंद असतात आणि ते साधारण दुसऱ्या आठवड्यात उघडतात. तोवर पिल्लू आईला गंध, ऊब आणि तिच्या गुरगुरण्याच्या कंपनांवरून ओळखते. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत पिल्लांनाही ऐकू येत नाही, आणि या मूक संवादात बहिरी आई कोठेही उणी पडत नाही.

उणीव जाणवते ती पिल्लू गारठते, एकटे पडते किंवा आईच्या अंगाखाली दबते तेव्हा. भारतीय तत्त्वचिंतनातील 'मार्जारकिशोरन्याय' सांगतो, की पिल्लाने काहीच करू नये, आई त्याला स्वतः उचलून नेते. व्यवहारात पिल्लू एक गोष्ट करते: ओरडते. बहिऱ्या आईपर्यंत नेमकी हीच हाक पोहोचत नाही.

घ्यावयाची काळजी

खोके पुठ्ठ्याचे चालते. त्याची पुढची कड आईला सहज ओलांडता येईल, पण रांगते पिल्लू बाहेर पडणार नाही, इतकी उंच ठेवावी. तळाशी जुन्या सुती साडीचा किंवा चादरीचा ताणून बसवलेला थर असावा. गोधडीच्या घड्यांत पिल्लू अडकते आणि टॉवेलच्या धाग्यांत त्याच्या नख्या गुंततात. खोके ज्याची झोप सावध आहे अशा माणसाच्या खोलीत ठेवावे. दर दोन-तीन तासांनी पिल्ले मोजावीत व सर्व आईच्या पोटाशी आहेत ना हे पाहावे.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. बहिऱ्या मांजरीच्या बाबतीत ही सवय धोक्याची ठरते, कारण वाटेत मागे राहिलेल्या पिल्लाचे ओरडणे तिला कळत नाही. जागा शांत, अंधारी व माणसांच्या वर्दळीपासून दूर असल्यास ती सहसा हलत नाही.

तिच्या जवळ नेहमी समोरून जावे. मागून अचानक स्पर्श झाल्यास ती दचकून ओरबाडते आणि या गडबडीत पिल्ले चिरडण्याची भीती असते. जमिनीवर पाऊल जरा जोराने टाकल्यास तिला कंपने जाणवतात.

जन्मतः पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते व ते रोज १० ते १५ ग्रॅमने वाढले पाहिजे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून ते लिहून ठेवावे. वजन एक दिवसही घटल्यास पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, दूध नंतर. थंड शरीराला दूध पचत नाही. वरचे दूध देण्याची वेळ आलीच तर गाईचे न देता मांजरांच्या पिल्लांसाठीची दूधभुकटी वापरावी आणि पिल्लाला पालथे ठेवूनच पाजावे. उताणे पाजल्यास दूध फुप्फुसात जाऊ शकते.

इमारतींच्या वसाहतीत

ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड पूर्वेच्या सिल्व्हर पार्कसारख्या दाट वस्तीत काही वेगळे प्रश्न उद्भवतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान लागते. किनारपट्टीच्या उन्हाळ्यात ते आपोआप मिळते. तेव्हा गरम पाण्याची बाटली अनावश्यकच नव्हे, घातकही ठरते. पावसाळ्यातील ओल्या फरश्या, पंख्याचा थेट झोत व वातानुकूलन यांपासून मात्र जपावे लागते. फिनाइल आणि डांबराच्या गोळ्या मांजरांना विषारी असल्याने खोक्याच्या आसपास वापरू नयेत. वाहनांचा आवाज ऐकू न येणाऱ्या मांजरीला मीरा-भाईंदर रस्त्यालगतच्या भागात मोकळे सोडणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे होय. खिडक्यांना जाळी हवीच.

रात्री-अपरात्री लागेल म्हणून जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक प्रसूतीपूर्वीच टिपून ठेवावा. मुंबईत परळ येथील 'बैलघोडा' या लोकनावाने परिचित रुग्णालय आणि १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय जुने व प्रसिद्ध आहे. पण अडलेल्या मांजरीला तेवढा प्रवास झेपेलच असे नाही.

पिल्ले नकोशी झाली म्हणून ती गृहसंकुलाबाहेर नेऊन टाकणे निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा ठरते.

पिल्लांची श्रवणक्षमता

आई पांढरी असल्यास काही पिल्लेही पांढरी निघतात, परंतु त्यांतील सर्वच बहिरी नसतात. सहाव्या आठवड्यानंतर पिल्लू एकटे असताना, त्याच्या नजरेआड आणि वारा वा कंपन न लागू देता, किल्ल्या वाजवून पाहाव्यात. एका कानाने ऐकणारे पिल्लू या चाचणीतून निसटते. नवे घर शोधताना ही माहिती स्पष्ट सांगावी. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून दूर करू नये.

दूध पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. तोवर तिला बोक्यांपासून दूर ठेवावे आणि पिल्लांनी दूध सोडल्यावर तिची नसबंदी करून घ्यावी.