डॉ. लागूंचं सर्वोत्तम काम कुठलं आणि सर्वांत वाईट कुठलं?

आजचा विषय भांडणाचा आहे. डॉ. श्रीराम लागूंचे चाहते एकत्र बसले की तासाभरात दोन तट पडतातच. एक ‘पिंजरा’वाल्यांचा, दुसरा ‘सामना’वाल्यांचा. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत असतं: डॉक्टरांची वाईट कामं शोधायची तर हिंदीत जा. मला यातलं शेवटचं मुळीच पटत नाही. का, ते सांगतो. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

लागू सिनेमात आले ते पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर. जन्म १९२७चा. कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात प्रॅक्टिस, मग थेट आफ्रिकेत, टांझानियातल्या टाबोऱ्याला. हे सगळं सोडून १९६९ साली पूर्णवेळ नट झाले आणि कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये संभाजी उभा केला. १९७०च्या डिसेंबरात शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आलं. त्याच वर्षी तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ त्यांनी दिग्दर्शित केलं. म्हणजे व्ही. शांताराम ‘पिंजरा’साठी त्यांच्याकडे आले, तेव्हा हा माणूस पुरता रंगमंचाचा होता. गणपतराव बेलवलकर अंगात मुरलेला, आवाज मागच्या रांगेपर्यंत फेकायची सवय पक्की.

आता ‘पिंजरा’ (१९७२) नीट बघा. मूळ कल्पना ‘द ब्ल्यू एंजल’ या १९३०च्या जर्मन सिनेमाची. तिथे एमिल यानिंग्जचा प्राध्यापक एका गाणारणीपायी विदूषक होतो. इथे गावाला आदर्श वाटणारा मास्तर तमासगिरिणीपायी फडात जातो. पण मराठी कथेनं पुढे एक जबरदस्त वळण घेतलंय. गाव समजतं की मास्तर मेला. त्याचा पुतळा उभा राहतो. आणि शेवटी हा जिवंत मास्तर स्वतःच्याच खुनाचा आरोपी ठरतो, आणि गावासमोरचा आदर्श मोडू नये म्हणून तो आरोप गप्प राहून पत्करतो. नटाला आयुष्यात एकदा मिळाली तरी पुष्कळ, अशी भूमिका!

तरी माझं मत असं की लागूंचं पडद्यावरचं सर्वांत कच्चं काम याच सिनेमाच्या पूर्वार्धात आहे. हो, ‘पिंजरा’तच. उत्तम आणि वाईट, दोन्ही एकाच रिळांमध्ये.

पूर्वार्धातला मास्तर बोलत नाही, भाषण करतो. समोर एक माणूस उभा असला तरी शब्द सभेला उद्देशून. मान ताठ, नजर कुठेतरी वर, प्रत्येक वाक्याला शेवटी ठोका. कॅमेरा हातभर अंतरावर आहे, हे त्या शरीराला अजून कळलेलंच नाही. यात शांतारामबापूंचाही वाटा आहेच. त्यांची शैली ठसठशीत, चित्रं मोठी, भावना ठळक. त्यांना असाच मास्तर हवा असणार. पिंजरावाले लगेच म्हणतात, ‘अहो, पण आदर्शवादी माणूस असाच बोलतो की!’ माझे एक मामा या तटाचे कट्टर पुढारी होते, त्यांचंही हेच म्हणणं. युक्तिवाद वाईट नाही. पण मग त्या माणसाला मोह होतो तो क्षण आधीच कुठेतरी डोळ्यांत दिसायला हवा. तो मला दिसत नाही. पुतळा तर नंतर उभारतात, इथे माणूस पहिल्यापासूनच पुतळा आहे.

आणि मग उत्तरार्ध. फडात पडेल ते काम करणारा, दाढी वाढलेला, ओळख गमावलेला मास्तर. इथे संवाद कमी होतात आणि लागू एकदम वेगळेच दिसायला लागतात. खांदे पडतात. चाल बदलते. लोक आपल्याच पुतळ्यापुढे हात जोडताहेत, हे बघणारा चेहरा आठवा. तिथे रंगमंचाचं काहीही शिल्लक नाही. मला नेहमी वाटतं, कॅमेऱ्यापुढे काय करायचं नाही, हे डॉक्टर याच सिनेमाच्या दरम्यान शिकले.

याचा पुरावा म्हणजे ‘सामना’. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाण्यांची निर्मिती. १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला होता. इथेही लागू मास्तरच! पण हा दारुडा, स्वातंत्र्यलढ्यातून आलेला, विझलेला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाच्या गावात येऊन पडतो, त्याच्याच वाड्यात पाहुणचार घेतो, आणि गायब झालेल्या मारुती कांबळेविषयी एकच प्रश्न विचारत राहतो. तो प्रश्न लागू कसा विचारतात बघा. आवाज चढवून नाही. कधी बरळल्यासारखा, कधी सहज चौकशी केल्यासारखा. प्रत्येक वेळी निळूभाऊंच्या चेहऱ्यावर एकेक रेघ वाढते. हे काम दोघांचं मिळून आहे. लागूंची निम्मी शाबासकी निळू फुल्यांना द्यायला हवी. पुढे ‘सिंहासन’मध्ये (१९७९) अर्थमंत्री दाभाडे करताना ते आणखी बारीक झाले, पण तो सिनेमा अरुण सरनाईकांच्या मुख्यमंत्र्याचा आणि निळूभाऊंच्या दिगू टिपणीसचा. तेव्हा त्यावर जास्त थांबत नाही.

आता हिंदी. हिंदी-मराठी मिळून शंभराहून जास्त सिनेमे, आणि त्यातले कितीतरी श्रीमंत बाप, वकील, न्यायाधीश. ‘मुकद्दर का सिकंदर’मधला पोराला चोर ठरवून हाकलणारा बाप घ्या. कोट घातला, आवाज घोगरा केला, काम संपलं. याला कोणी वाईट अभिनय म्हणतं. मी म्हणतो, इथे अभिनयाची मागणीच नव्हती. सर्जनला बँडेज बांधायला बोलावलं तर त्याचा हात वाईट ठरत नाही. मराठी प्रायोगिक नाटकावर कोणाचं घर चालत नव्हतं, हेही विसरू नका. ज्यांनी त्यांना ‘तिकडे वाया गेले’ म्हणून नावं ठेवली, त्यांच्यातले किती जण तिकीट काढून नाटकाला जात होते, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

शिवाय त्याच हिंदीत १९७७ साली ‘घरौंदा’ आहे. अमोल पालेकरचा तरुण आपल्या प्रेयसीला सुचवतो की या आजारी म्हाताऱ्या मोदीशी लग्न कर, तो फार जगणार नाही. आणि म्हातारा बरा होतो! तो मोदी लागूंनी ना लबाड केलाय, ना बिचारा. त्याला जगावंसं वाटायला लागतं, एवढंच दिसतं. फिल्मफेअर मिळालं त्याला. मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये (१९८९) तर प्राध्यापक पावसाळी संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि परत येतच नाही. पडद्यावर फार थोडा वेळ. पण उरलेला सिनेमाभर घरातल्या माणसांच्या बोलण्यात तोच असतो. सामनावाल्यांना मी गमतीनं सांगतो, डॉक्टरांचं सर्वोत्तम काम हे, ज्यात ते जवळपास नाहीतच.

गमतीनंच. माझं मत विचाराल तर पहिला नंबर ‘सामना’चाच.

पण एका नावाकडे दोन्ही तट दुर्लक्ष करतात: ‘इन्कार’, तोही १९७७चाच. अकिरा कुरोसावाच्या ‘हाय अँड लो’वरून घेतलेला. बुटांच्या कंपनीचा मालक, आणि अपहरण झालंय ते नोकराच्या मुलाचं. पैसे द्यायचे की नाही? कुरोसावाकडे ही भूमिका तोशिरो मिफुनेची होती, म्हणजे तुलना कोणाशी आहे बघा. विनोद खन्ना आणि हेलनच्या गाण्यासाठी लोक तो सिनेमा लक्षात ठेवतात. तुम्ही टेलिफोन वाजल्यानंतरचे लागू बघा. आणि मग सांगा मला, हिंदीत डॉक्टर वाया गेले म्हणून.