पाडव्याच्या राहुट्या

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे–नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात तमाशाचा बाजार भरतो. मोकळ्या जागेत ओळीने राहुट्या उभ्या राहतात आणि प्रत्येक राहुटीवर एकेका फडाचा फलक झळकतो. वर मोठ्या अक्षरांत फडमालकाचं नाव, खाली नाचणाऱ्या कलावंतिणींचे आणि सोंगाड्याचे फोटो. आत खुर्च्या, चहा आणि तारखांची वही घेऊन बसलेला व्यवस्थापक. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर अशा तालुक्यांतल्या यात्रा कमिट्यांची माणसं गाड्या भरून येतात, दोन-चार राहुट्या फिरतात, बोलणी करतात आणि सुपारी देऊन गावी परततात. ठरलेल्या तिथीला तो फड ट्रक-बससह त्यांच्या गावात हजर होतो.

कार्यक्रम मिळवण्याची ही पद्धत मराठी मुलुखात इतकी रुळली आहे की तिच्याकडे इतिहास म्हणून कुणी फारसं पाहत नाही. तमाशाबद्दल लिहिताना लावणीवर लिहिलं जातं, वगांवर लिहिलं जातं. पण कलावंताला काम कुठून मिळालं, कुणी दिलं, पैसे कधी हातात पडले, हे बाजूलाच राहतं. नारायणगावच्या राहुट्यांत ते सगळं उघड्यावर चालतं.

बोलणी सरळ पैशांवर येत नाहीत. गावकरी आधी विचारतात: यंदा वग कोणता? सोंगाड्या तोच आहे की फड सोडून गेला? नाचायला किती जणी? पूर्वी उत्तरादाखल फोटोंचा अल्बम पुढे यायचा, आता मोबाइलवर चित्रफीत दाखवतात. मग तिथी निघते आणि खरी ओढाताण सुरू होते, कारण भाव तिथीवर ठरतो. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती, तिच्या पाठोपाठ वद्य अष्टमी, म्हणजे कालाष्टमी. या भागात भैरवनाथ हे कितीतरी गावांचं दैवत, त्यामुळे कालाष्टमीला एकाच रात्री असंख्य गावांना तमाशा हवा असतो आणि नामवंत फड मोजकेच असतात. त्या रात्रीची सुपारी सगळ्यांत महाग. मोठ्या फडाचा आकडा लाखांच्या घरात जातो, आणि लगतच्या मोकळ्या तिथीला तोच फड बराच खाली येतो. रक्कम ठरली की इसार दिला जातो, करार लिहिला जातो, सह्या होतात. बाकीची रक्कम यात्रेच्या दिवशी गावात.

हे सगळं नारायणगावातच का? एक कारण नकाशावर दिसतं. पुण्यापासून सुमारे 75 किलोमीटरवर, हमरस्त्यावर वसलेलं, कल्याण–नगर रस्ता जिथे आडवा येतो त्या आळेफाट्याच्या जवळचं हे बाजाराचं गाव. टोमॅटोच्या व्यापारासाठी त्याचं नाव आज दूरवर पोचलं आहे. आसपासच्या तालुक्यांतल्या माणसाला सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशी ही जागा आहे.

दुसरं कारण एका घराण्याचं आहे. भाऊ आणि बापू या मांग समाजातल्या भावांचा नारायणगावकर फड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाजला. भाऊंची मुलगी विठाबाई. 1935 साली पंढरपुरात जन्मलेली ही मुलगी बालवयातच बोर्डावर उभी राहिली आणि पुढे तमाशासम्राज्ञी म्हणून ओळखली गेली. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींकडून तिचा सन्मान झाला. भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन ती बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आली, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. ती सांगताना लोकांचा ऊर भरून येतो. पण त्या रात्री खेळ थांबवणं तिला का शक्य नव्हतं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. समोर पब्लिक बसलेलं असताना खेळ मोडला तर दंगा, पैशांची परतफेड आणि फडाचं नाव खराब होणं, एवढं सगळं अंगावर येणार होतं. विठाबाईंची शेवटची वर्षं हलाखीत गेली. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या. राज्य सरकार आता त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

विठाबाईंच्या आधीच्या पिढीत फडांची मदार मुंबईवर होती. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले आणि पवळाबाईंसोबत त्यांनी मुंबईची थिएटरं गाजवली. समोर बसलेला प्रेक्षक गिरणीतला, गोदीतला, म्हणजे मूळचा घाटावरचाच होता. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितल्यावर ती उठली, पण वगाची संहिता आधी तपासून घेण्याची अट मागे लागली. तमाशा करणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. त्यांच्या पोटावर आलेला हा घाव सरकारदरबारी फार हलक्याने घेतला गेला.

मुंबईचा पैसा मात्र गावच्या यात्रेत येत राहिला. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इथली माणसं मुंबईत डबे पोचवतात, माथाडी काम करतात, भाजीच्या व्यापारात आहेत. डबेवाले तर चैत्रातल्या गावदेवाच्या यात्रेसाठी दरवर्षी काही दिवस सेवाच बंद ठेवतात. यात्रेची वर्गणी भरण्यात या मुंबईकरांचा वाटा मोठा आणि सुपारी कुणाला द्यायची या निर्णयातही त्यांचा शब्द वजनदार. सकाळी देवाला अभिषेक, दिवसा घाटात बैलगाडे, कुठे कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी हजेऱ्या, अशी ही यात्रा असते. यातलं एक जरी निखळलं तरी गर्दी ओसरते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद पडल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधली सात वर्षं यात्रांचा दिवस रिकामा जायचा.

फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत मोठे फड कनात ठोकून तिकिटावर खेळ करतात. फडात शंभर-सव्वाशे माणसं असतात: नाचणाऱ्या, ढोलकीवाले, हलगीवाले, सोंगाडे, वगातले नट, आचारी, चालक, तंबू ठोकणारे. कनातीत माणसं आली नाहीत किंवा अवकाळी पाऊस कोसळला तरी या सगळ्यांना दोन वेळचं जेवण द्यावंच लागतं. हंगामाआधी कलावंतांना उचल दिलेली असते आणि त्या उचलीसाठी फडमालकाने बरेचदा सावकाराकडून व्याजाने पैसे घेतलेले असतात. सुपारीच्या खेळात रक्कम आधीच ठरते, तिकीटविक्रीची धास्ती नसते. म्हणून चैत्र-वैशाखातल्या मोजक्या रात्रींवर आधीच्या सहा महिन्यांचं कर्ज फिटतं किंवा फिटत नाही. वैशाखानंतर पावसाळा, म्हणजे घरी बसणं आणि पुढच्या उचलीची वाट पाहणं.

2020 साली पाडवा 25 मार्चला होता. देशभराची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. राहुट्या, यात्रा, हजेऱ्या, सगळं एका रात्रीत थांबलं. पुढच्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला आला आणि त्याच संध्याकाळी राज्यात नव्या कडक निर्बंधांची घोषणा झाली. दोन चैत्र सलग बुडाले. त्यातच 25 मे 2021 रोजी तमाशा कलावंत कांताबाई सातारकर गेल्या. तुकाराम खेडकरांसोबत बोर्ड गाजवून, त्यांच्यानंतर स्वतःचा फड उभा करून, तो मुलगा रघुवीर खेडकर यांच्या हाती सोपवणारी ही बाई यात्रा सुरू झालेल्या पाहू शकली नाही.

निर्बंध उठले, राहुट्या परत आल्या, पण खेळ पूर्वीचा राहिलेला नाही. ध्वनिवर्धकावरच्या रात्री दहाच्या मर्यादेला 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने बळकटी दिली. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग पहाटेपर्यंत वग, असा रात्रभराचा खेळ आता दोन-तीन तासांत बसवावा लागतो. गोंगाटाचा त्रास खरा आहे आणि नियमही योग्य आहे. पण त्यात पहिला बळी वगाचा जातो, कारण गाण्यांना मागणी असते. ज्या वगामुळे काळू-बाळू कवलापूरकरांसारखी माणसं घराघरांत पोचली, तो वग आता अर्ध्या तासावर आला आहे किंवा गळून पडला आहे. काही गावांनी तर तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा आणि डीजे आणायला सुरुवात केली आहे.

एवढ्या पडझडीतही राहुट्यांचा हा बाजार टिकून राहिला, कारण तिथे कलावंत आणि गाव एकमेकांसमोर बसतात. फडमालकाला गाव माहीत असतं, गावाला फड माहीत असतो. कुणी पैसे बुडवले, कुणी ठरलेल्यापेक्षा कमी कलावंत आणले, हे पुढच्या पाडव्यापर्यंत सगळ्या राहुट्यांत कळलेलं असतं. हा हिशेब कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा पक्का आहे.

येत्या पाडव्याला आपल्या गावची कमिटी नारायणगावला जाणार असेल, तर तिने सुपारी देताना तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात: खेळ वेळेवर सुरू होईल, तासाभराचा वग होईल आणि उरलेली पूर्ण रक्कम खेळ सुरू होण्यापूर्वी फडाच्या हातात पडेल. पहिल्या दोन गोष्टी फडाने पाळायच्या आहेत, तिसरी आपण.